डाव्या बाजूचं मागचं दार

(दृश्य : सकाळ. सोसायटीच्या मागच्या भिंतीजवळ उभी असलेली चंदेरी वॅगन-आर. कॅमेरा हळूहळू डाव्या बाजूच्या मागच्या दाराजवळ जातो.)

लांबून पाहिलं तर गाडीला काही झालंय असं वाटत नाही. पण जरा जवळ या आणि ऊन पाठीवर घेऊन उभे राहा. हँडलच्या खाली, दाराच्या खालच्या अर्ध्यात, एक दुधाळ डाग दिसेल. थंडीत आरशावर फुंकर मारल्यावर उमटतो तसा. फरक इतकाच, की हा पुसला जात नाही. तो डाग म्हणजे माझी गेल्या जुलैतली कामगिरी.

त्याआधी तिथे नुसता पोचा होता. बेसमेंटमधल्या खांबाला दार घासलं. खांब वर्षानुवर्षं तिथेच आहे, तरी घरी सांगताना मी “खांब मध्ये आला” असंच सांगितलं.

गॅरेजमध्ये न्यायला काय झालं होतं? हिशेब आड आला. विम्यात क्लेम न घेतल्याची सूट असते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ करत पाच वर्षांनी ती ५० टक्क्यांवर जाते. तळहाताएवढ्या पोच्यासाठी क्लेम टाकला की ही चढण पुन्हा पायथ्यापासून. शिवाय खिशातून भरायची सक्तीची रक्कम असतेच. तेव्हा म्हटलं, एक स्प्रेचा कॅन आणू, दोन हात मारू, झालं काम.

(दृश्य : एक सुरकुतलेला तळहात दारावरून आडवा फिरतो.)

हा हात आमच्या शेजारच्या काकांचा. त्यांची सगळी नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये गेली, त्यातही बराच काळ रंगकामात. माझा डाग पाहून ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाले, “पावसात मारलास ना?”

पावसात म्हणजे पाऊस पडत असताना नव्हे. आभाळ भरलेलं होतं, पण जमीन कोरडी होती. घोटाळा हवेतल्या ओलीने केला. स्प्रेच्या रंगातला थिनर भराभर उडतो आणि उडताना पत्र्यावरची उष्णता घेऊन जातो. रंगाचा ओला पृष्ठभाग आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड पडतो. हवा दमट असली की त्यावर पाण्याचे सूक्ष्म कण बसतात आणि रंग सुकताना आतच अडकतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जसा घाम येतो, तसा तो माझ्या दाराला आला. तो वाळला आणि तिथेच राहिला.

मग उन्हाळ्यात मारावा, तर रंगाचा थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा सुकलेला असतो. हाताला खरखर लागते. काकांच्या मते पुण्याकडे या कामाचा मोसम म्हणजे दिवाळी उलटल्यापासून होळीपर्यंत. तोही दव वाळल्यावर, साडेदहाच्या पुढे.

म्हणून आज डिसेंबरातली सकाळ आहे.

(दृश्य : बादली, पॉलिश पेपर, लाकडी ठोकळा, जुनी बनियन.)

कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट तपासायची. दिसतो तो प्रत्येक ओरखडा गाडीचा नसतो. माझ्या दारावर पिवळे पट्टे होते, ते खांबाचे. गाडीच्या रंगावर खांबाचा ऑइल पेंट चढून बसला होता. रबिंग कंपाऊंड, म्हणजे रंग घासून उजळायची पेस्ट, कापडावर घेऊन पाच मिनिटं घासलं तेव्हा निम्मं “नुकसान” कापडावर आलं. उरलेल्यावर नख आडवं ओढायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे, पॉलिशने जाईल. अडकलं तर पुढचा सगळा संसार मांडावा लागतो.

आणि हा संसार किती जाडीचा? गाडीवरचा कारखान्यातला सगळा रंग मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर. तेवढ्यात चार थर बसवलेले असतात. गंज रोखणारा तळचा थर विजेच्या साहाय्याने बसवतात. त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे तो पारदर्शक थर. ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो, तो चौघांत सगळ्यात पातळ असतो. चकाकी क्लिअरची, ताकद खालच्या दोघांची. रंगाकडे फक्त रूप.

काकांनी दाराचं आतलं पॅनल उतरवलं. बाहेरून लाकडी ठोकळा टेकवला आणि आतून पोचा हळूहळू बाहेर ढकलला. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. घाईने हातोडी मारली की तो ताणला जातो आणि मग डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होत राहतो. तो शंभर टक्के सरळ होणार नाही, हे गृहीतच धरायचं. राहिलेली खोली भरायला लांबी.

लांबी म्हणजे पुट्टी, हे रंगाऱ्यांच्या बाजारात सांगावं लागत नाही. गाडीला लागते ती दोन भागांची, पॉलिएस्टरची. लिंबाएवढ्या गोळ्याला टपोऱ्या वाटाण्याएवढा हार्डनर. हार्डनरला मुद्दाम वेगळा रंग असतो. मळताना त्याच्या रेघा पूर्ण गेल्या, सगळा गोळा एकसारखा झाला, की मिसळलं. त्यानंतर हातात दहाएक मिनिटं. गोळा कोमट होतो, मग गरम, आणि एकदम पेढ्यासारखा तुटायला लागतो. तसा तुटला की टाकून द्यायचा. पहिले दोन गोळे माझे असेच गेले.

“जाड थापू नकोस गं. लांबी ही खळगा भरायला असते, भिंत बांधायला नाही.” काकांची मर्यादा दोन-तीन मिलिमीटर. आणि घासायची ती कोरडी. या लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, ती पाणी पिते. पाणी आत राहिलं की वरून कितीही छान रंग मारा, एखाद्या वर्षात खालून गंजाचा फोड वर येतो.

(दृश्य : जवळून. बनियनची घडी तळहाताखाली. हात लांबी भरलेल्या जागेवरून पलीकडच्या चांगल्या पत्र्यावर जातो, परत येतो.)

आता ही बनियन. मला वाटलं पुसायला आणली असेल. काकांनी तिची एक घडी तळव्याखाली धरली आणि दारावर हात लांब फिरवला. बोटांनी नाही, पूर्ण पंज्याने. मग मला म्हणाले, “डोळे मिटून फिरव.”

नुसता हात फिरवला तेव्हा मला काहीच लागलं नव्हतं. कापडावरून फिरवला आणि उंचवटा चक्क सापडला. उघडा हात पत्र्याला चिकटतो, अडखळतो. त्वचेला लागणाऱ्या बारीक खरखरीत मोठा उतार-चढाव हरवून जातो. मध्ये कापड आलं की खरखर पुसली जाते आणि फक्त आकार कळतो. माझ्या डोळ्याला सपाट दिसणारा भाग काकांच्या हाताला डोंगर होता. त्यांनी पेन्सिलीने तिथे गोल केला. “इथे घास. ठोकळा लावून. बोटांनी घासलंस तर बोटांच्या सऱ्या पडतील.”

८० नंबरचा पेपर, मग १८०, मग ३२०. नंबर वाढेल तसा पेपर बारीक. आमचा अख्खा एक दिवस यात गेला. निवेदनात मी तो एका वाक्यात सांगतेय.

(दृश्य : राखाडी प्रायमरवर काळ्या रंगाचा विरळ शिडकावा.)

प्रायमरचे तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबून. दुसऱ्या दिवशी काकांनी त्या स्वच्छ राखाडी दारावर लांबून काळ्या रंगाचा शिडकावा केला. माझ्या तोंडून “अहो काका!” निघालंच.

पण ही युक्ती आहे. आता ६०० नंबरचा वॉटर पेपर ठोकळ्याला गुंडाळायचा, बादलीत बुडवायचा आणि घासायचं. जिथे उंच आहे तिथला काळा आधी जातो. जिथे खड्डा आहे तिथला काळा तसाच राहतो. पाच मिनिटांत दारावर नकाशा तयार झाला. हँडलच्या खाली एक काळा ठिपका अडून बसला होता, मुगाएवढा. तो भरला, पुन्हा घासला. सगळा काळा गेला तेव्हा दार सपाट झालं.

(दृश्य : बॉनेटखालची पट्टी. अक्षरं जवळून.)

आता रंग. गाडीच्या रंगाला नाव असतं तसा एक कोडही असतो. बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा दाराच्या चौकटीवर तो सापडतो. माझ्या गाडीचा झेड-२-एस, म्हणजे सिल्की सिल्व्हर. जुलैत मी दुकानात जाऊन “सिल्व्हर द्या” म्हटलं होतं. असं म्हणू नये. पांढऱ्यातही पांढरे किती तरी असतात.

पण कोड जुळला म्हणजे रंग जुळला, असं नाही. पांढरा किंवा लाल साधा रंग असता, तर बरंचसं भागलं असतं. चंदेरीत रंग असा थोडाच असतो. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म, चपट्या चकत्या तरंगत असतात. उजेड त्यांच्यावरून परततो, तीच चांदी. आता या चकत्या पत्र्यावर कशा बसतात, ते मारणाऱ्याच्या हातावर आहे. रंग ओला, जाड पडला तर सुकेपर्यंत त्यांना पोहायला वेळ मिळतो. त्या बुडतात, तिरप्या होतात, समोरून रंग गडद दिसतो. लांबून, कोरडा पडला तर त्या वरच सपाट पडतात आणि रंग उजळ दिसतो. म्हणजे एकाच कॅनमधून, एकाच दुपारी, एकाच बाईच्या हातून दोन वेगळे सिल्व्हर निघू शकतात. मी प्रत्यक्ष काढलेत.

म्हणून काका आधी पुठ्ठ्यावर मारायला लावतात. एक पुठ्ठा जवळून, एक लांबून, दोन्हींवर क्लिअर, कारण क्लिअर चढल्याशिवाय खरा रंग कळत नाही. मग पुठ्ठे दाराला टेकवून उन्हात बघायचे. ट्यूबलाइटखाली सगळे सिल्व्हर भाऊ-भाऊच.

(दृश्य : कॅन हलवणारा हात. आतल्या गोळीचा खडखड आवाज.)

हा आवाज थोडा ऐका. आतली गोळी तळाला बसलेला रंग मोडते आणि ढवळते. ती मोकळी वाजायला लागल्यावरही पुढे दोन-तीन मिनिटं हलवत राहायचं. कॅनमध्ये दाबाने द्रव केलेला वायू असतो. रंग बाहेर पडेल तसा तो थोडा थोडा उकळून मोकळी जागा भरतो, म्हणून जोर शेवटपर्यंत टिकतो. पण उकळताना तो कॅनची उष्णता ओढून घेतो. कॅन हाताला गार लागला की दाब उतरतो आणि फवाऱ्याऐवजी थुंकी येते. कॅन कोमट पाण्याच्या बादलीत ठेवला की पुरे. गरम पाणी किंवा गॅसची शेगडी अजिबात नाही. आतला वायू बऱ्याचदा स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद असतो.

रंगाचा असा कॅन १९४९ साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या सिकामोर गावी एड सिमोर यांनी बनवला. कल्पना त्यांच्या पत्नी बॉनी यांची. त्यांना खोल्या गरम करणाऱ्या रेडिएटरवर मारायचा आपला अ‍ॅल्युमिनियम रंग लोकांना दाखवायचा होता. म्हणजे त्या कॅनमध्येही चंदेरीच होता. वाचून मला उगाच धीर आला.

(दृश्य : कागदाने झाकलेली गाडी, फक्त एक दार उघडं.)

वीतभर अंतर. हात मनगटातून फिरवायचा नाही, कोपर-खांद्यासकट सरळ न्यायचा. बटण दाराच्या बाहेर दाबायचं, दाराच्या बाहेर सोडायचं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. आणि पोचा तळहाताएवढा असला तरी क्लिअर मात्र पूर्ण दाराला, कडेपासून कडेपर्यंत. मध्येच थांबलात तर ती सीमारेषा आयुष्यभर दिसत राहते. पहिला हात इतका विरळ, की खालचा प्रायमर दिसायला हवा. तिसऱ्या हाताला माझ्या रंगात ढग उठले, कुठे गडद, कुठे फिके. काकांनी कॅन घेतला, दीड वीत मागे सरले आणि हलका शिडकावा करत गेले. ढग विरले.

क्लिअरमध्ये मात्र मी ओघळ आणलाच. एक, छोटा, खालच्या कडेला. पुसायला हात पुढे गेला तो काकांनी मनगट धरून थांबवला. ओला ओघळ पुसला की बोटासकट सगळं येतं. आठवड्याने, कडक झाल्यावर, १५०० आणि २००० च्या पेपरने तो उतरवला.

क्लिअर दोन तऱ्हांचं मिळतं. साधं, आपोआप सुकणारं, आम्ही वापरलं ते. पेट्रोल सांडलं की ते मऊ पडतं, हा त्याचा दोष. दुसरं टू-के, कॅनच्या बुडाची पिन दाबून आत हार्डनर सोडायचा असतो. ते कारखान्याच्या तोडीचं कडक होतं. पण त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ज्याने कायमचा दमा जडू शकतो. वासावरून त्याचा अंदाज येत नाही आणि तोंडाला फडकं बांधून ते अडत नाही. माझं मत स्पष्ट आहे : ते घरी नको. रंगाचं बूथ आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या गॅरेजचं ते काम. साध्या कॅनलाही आम्ही कार्बनच्या डब्यांचा मास्क लावला होता आणि गाडी बेसमेंटमधून वर, मोकळ्या हवेत आणली होती. सेक्रेटरींना आधी सांगितलं होतं, हेही महत्त्वाचं. शेजारच्या काळ्या गाडीवर चंदेरी दव पडलं असतं, तर त्या सूटसहित सगळंच गेलं असतं.

(दृश्य : कॅन उलटा धरलेला. बटण दाबल्यावर आधी रंग, मग नुसता वायू.)

काम झाल्यावर कॅन उलटा करून नुसता वायू येईपर्यंत बटण दाबायचं, म्हणजे तोंड चोंदत नाही.

(दृश्य : संध्याकाळ. काका दारापासून दहा पावलांवर, मग उकिडवे बसलेले.)

उभं राहून दार एकसंध दिसतं. काका उकिडवे बसले, मान वाकडी केली आणि म्हणाले, “खालून बघितलं तर एक छटा उजळ आहे.” मीही बसले. आहे. पुढच्या दाराशेजारी ठेवलं की कळतं.

मग गाडी खाली, तिच्या जागेवर लावायला गेले. खांबावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमध्ये कमरेच्या उंचीला एक चंदेरी फराटा अजून तसाच आहे. माझ्याच दाराचा, कारखान्यातला मूळ रंग. काकांनी खिशातून तो लांबून मारलेला पुठ्ठा काढला आणि मोबाइलच्या उजेडात खांबाला लावून पाहिला.

“हा जुळतो बघ,” ते म्हणाले.