सामा-बजाऊंच्या भाषेत शेती कुठून आली?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'सामा-बजाऊ : समुद्रावरचे लोक आणि त्यांच्या भाषा' असा छापला आहे. मला बोलायचे आहे ते उत्तरार्धाविषयी. परंतु या विषयावर बोलायला उभी राहिले की पूर्वार्धच सगळा वेळ खातो, असा अनुभव असल्यामुळे माझे म्हणणे आधीच सांगून ठेवते. दक्षिण फिलिपिन्समधील सुलू द्वीपसमूह, मलेशियाच्या साबा राज्याचा किनारा आणि तिथून खाली सुलावेसी, फ्लोरेस, रोटे अशा इंडोनेशियाच्या बेटांपर्यंत विखुरलेल्या या लोकांना जग 'समुद्रावरचे भटके' म्हणून ओळखते आणि ही भटकंती आदिम काळापासून जशीच्या तशी चालत आली आहे असे धरून चालते. माझ्या मते ती व्यापाराने घडवलेली आहे. तिच्यामागे बाजारपेठा, सुलतान आणि उचल देणारे व्यापारी उभे आहेत, आणि याचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्या भाषांमध्ये सापडतो.

आता तक्रार. काही वर्षांपूर्वी एका साप्ताहिकाने दिवाळी अंकासाठी माझ्याकडे सामा-बजाऊंवर लेख मागितला. मी हौसेने त्यांच्या भाषाकुलावर लिहिले, नकाशा काढून दिला, उच्चारांच्या टिपाही जोडल्या. अंक हातात आला तेव्हा माझ्या लेखाला 'मासे की माणसे?' असे शीर्षक मिळालेले होते, भाषेचा संपूर्ण भाग जागेअभावी गळालेला होता, आणि त्या वाचवलेल्या जागेत पानभर छायाचित्र होते ते थायलंडच्या सुरिन बेटांवरील एका मोकेन मुलाचे. शेजारी एक रंगीत चौकट होती आणि तीत हे लोक पाण्याखाली तेरा मिनिटे श्वास रोखतात अशी माहिती होती, जी मी लिहिलेली नव्हती. मी संपादकांना दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले, 'पण मॅडम, दोघेही पाण्यातलेच ना?' पुढे ती चौकट माझ्याच नावाने व्हॉट्सअॅपवर फिरली आणि माझ्याच नातेवाइकांनी 'हे बघ, तुझ्या विषयाचं' असे म्हणत ती मला पाठवली. आपल्यापैकी ज्यांनी ती पुढे पाठवली असेल त्यांनी हात वर करण्याची गरज नाही; चेहऱ्यांवरून मला कळते आहे.

'दोघेही पाण्यातलेच' या उत्तरामुळे काय बिघडते ते सांगते. आग्नेय आशियात समुद्रावर राहणाऱ्या लोकांचे ठळकपणे तीन समूह मानले जातात. म्यानमारच्या मेरगुई द्वीपसमूहापासून थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत, म्हणजे अंदमानच्या समुद्रात, मोकेन आणि त्यांचे भाऊबंद राहतात; मलाक्काच्या सामुद्रधुनीत आणि रिआऊ बेटांच्या परिसरात ओरांग लाऊत राहतात आणि ते मलयच्या बोली बोलतात; सामा-बजाऊ या दोघांच्याही पूर्वेला आहेत. तिघांच्याही भाषा ऑस्ट्रोनेशियन आहेत, पण मग हवाई आणि न्यूझीलंडच्या मूळ भाषाही त्याच कुलातल्या आहेत. २००३ साली अ‍ॅना गिस्लेन या स्वीडिश संशोधिकेने मोकेन मुलांना पाण्याखाली अधिक स्पष्ट दिसते हे दाखवले, आणि नंतर स्वीडनमधील मुलांनाही सरावाने ते साधते असे दिसून आले. २०१८ साली 'सेल' या नियतकालिकात मेलिसा इलार्डो आणि सहकाऱ्यांचा मध्य सुलावेसीतील जया बक्ती येथील बजाऊंच्या प्लीहेवरचा, म्हणजे पोटातल्या पाणथरीवरचा, अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हॉट्सअॅपवर मात्र मोकेनांचे डोळे आणि बजाऊंची प्लीहा एकाच देहात बसवलेली असते.

प्लीहेचा विषय निघालाच आहे तर तो संपवून टाकू, नाहीतर प्रश्नोत्तरांत दुसरे काही उरणार नाही. श्वास रोखून बुडी मारली की प्लीहा आकुंचन पावते आणि प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशींचा साठा रक्तात सोडते. शेजारच्या सालुआन या शेतकरी लोकांच्या तुलनेत जया बक्तीच्या बजाऊंची प्लीहा सरासरीने सुमारे ५० टक्के मोठी आढळली, न बुडणाऱ्या बजाऊंचीही मोठी आढळली, आणि पीडीई१०ए या जनुकाच्या एका रूपाशी तिचा संबंध दिसला. अभ्यास उत्तम आहे आणि माझी तक्रार त्याच्याविषयी नाही. परंतु बजाऊ पाणबुड्याचे खरे कसब एकाच दीर्घ बुडीत नसते. त्याच्या बहुतेक बुड्या मिनिटभराच्याही आतल्या असतात. मात्र त्या दिवसभर, एकीमागून एक, इतक्या कमी विश्रांतीने चालतात की कामाच्या वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ तो पाण्याखाली असतो. हा विक्रम नसून मजुरी आहे. समुद्रतळावरच्या समुद्री काकड्या, ज्यांना तिकडे त्रेपांग म्हणतात, कोणीतरी विकत घेत असल्याशिवाय कोणी दिवसाला इतक्या बुड्या मारत नाही. स्वतःच्या पोटापुरते मासे गळाने आणि जाळ्यानेही मिळतात.

आता त्यांच्या होडीत डोकावून पाहू. साबाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंपोर्ना भागात कुटुंब ज्या होडीत राहत असे तिला लेपा म्हणतात. छत, कोरीव नक्षीचे काठ, आणि मागच्या बाजूला स्वयंपाक. या होडीतली चूल, लप्पोहान, भाजलेल्या मातीची असते. तिचा एक भाग खोलगट असून त्यावर भांडे टेकते आणि दुसरा भाग पुढे पसरट वाढवलेला असतो, म्हणजे जळती लाकडे आणि निखारे त्यावरच राहतात आणि होडीचे लाकूड पेटत नाही. समुद्रावर राहण्यासाठी इतकी नेमकी घडवलेली वस्तू दुसरी सापडणे कठीण. पण ती घडते सेंपोर्नाजवळच्या सेलाकान बेटावर, जमिनीवरच्या कुंभारणींच्या हातून. तीवर शिजते काय? मासे, आणि त्यांच्याबरोबर कसावाचा कीस पिळून, वाफवून केलेला पुतू. कसावा समुद्रात उगवत नाही. तो मासळीच्या बदल्यात किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याकडून येतो, तसेच गोडे पाणी, सरपण, लोखंड आणि कापडही येते. आणि माणूस मेला की त्याला समुद्रात सोडत नाहीत. ठरलेल्या छोट्या बेटांवरच्या दफनभूमीत पुरतात आणि वर कोरीव लाकडी खूण उभारतात. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड साथर यांनी १९६०च्या दशकात सेंपोर्नाजवळच्या बांगाव-बांगाव या वस्तीत राहून जे लिहिले आहे ते वाचले की समुद्रावरच्या या माणसाचे प्रत्येक दिवसाचे जगणे जमिनीशी किती दोऱ्यांनी बांधलेले होते ते लक्षात येते. तो किनाऱ्यावरच्या एखाद्या मातब्बराच्या आश्रयाला असे, त्याला मासळी आणि त्रेपांग देई आणि त्याच्याकडून संरक्षण घेई.

त्यांची स्वतःची उत्पत्तिकथाही हेच सांगते. मलय द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला असलेल्या जोहोरच्या सुलतानाची राजकन्या समुद्रात वाहून गेली, किंवा वाटेत पळवली गेली, आणि तिच्या रक्षणाला दिलेले लोक रिकाम्या हातांनी परतण्याच्या भीतीने तिला शोधत समुद्रावरच राहिले, ते आजचे बजाऊ. सुलूमध्ये या कथेत सुलूचा सुलतान येतो, सुलावेसीत गोवा किंवा बोने येथील राजघराणे येते. (हे गोवा मकासरजवळचे, आपल्या गोव्याचा इथे काही संबंध नाही, हे सांगितलेले बरे.) जोहोरहून स्थलांतर झाल्याचा भाषेत काहीही पुरावा नाही, म्हणून इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही. पण स्वतःची ओळख सांगताना हे लोक दरबाराशी नाते जोडतात आणि आपल्याला राजाच्या कामगिरीवर निघालेले सेवक म्हणवतात. मुक्त, बंधनरहित दर्यावर्दी ही प्रतिमा बाहेरच्यांची आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. साबाच्या पश्चिम किनाऱ्यावर कोटा बेलुद नावाचे गाव आहे, जिथले बजाऊ घोडेस्वारीसाठी प्रसिद्ध आहेत. भातशेती करतात, गुरे-म्हशी पाळतात, आणि सणासुदीला स्वतः सजून, घोड्यांनाही नखशिखान्त सजवून बाजारात उतरतात. हे बजाऊच आहेत, त्यांची भाषा बजाऊच आहे. बासिलान बेटावरचे याकान डोंगरउतारांवर शेती करतात आणि त्यांचे विणकाम सगळ्या फिलिपिन्समध्ये नावाजलेले आहे. त्यांची भाषाही याच कुलातली. आणि शेकडो किलोमीटर उत्तरेला, सामारच्या टोकाजवळच्या कापुल बेटावर इनाबाक्नोन ही भाषा बोलणारे लोक कॅथलिक ख्रिस्ती आहेत, तर बाकीचे बहुसंख्य सामा-बजाऊ मुसलमान आहेत. ही सगळी माणसे छायाचित्रात बसत नाहीत, म्हणून छायाचित्रकार त्यांच्याकडे जात नाहीत.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे उरली आहेत असे तीत म्हटले आहे, आणि सभागृह आठला मोकळे करायचे आहे. तेव्हा ज्यासाठी आले होते ते आता घाईघाईने सांगते.

भाषाशास्त्रज्ञ केंप पॅलेसन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या कुलातल्या भाषांची तुलना करून त्यांची मूळ भाषा पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मते इसवी सन ८००च्या सुमारास ती झांबोआंगा आणि बासिलान यांच्यामधल्या सामुद्रधुनीच्या परिसरात बोलली जात होती. त्या मूळ भाषेत मासेमारीचे आणि समुद्राचे शब्द आहेतच. पण त्यांच्या जोडीला शेतीचे, कुंभारकामाचे, विणकामाचे आणि लोहारकामाचेही शब्द आहेत. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीचा सामा माणूस समुद्रही जाणत होता आणि शेतही. त्यातून काही शेतीकडे गेले, काही व्यापाराकडे, आणि काहींनी, बहुधा खरेदीदार मिळाल्यामुळे, होडीलाच घर केले. होडीवरचे जीवन हे आरंभबिंदू नव्हते, ती एका समाजातली व्यवसायाची विभागणी होती. म्हणूनच याकान हे समुद्र सोडून आलेले भटके ठरत नाहीत.

त्याआधीचे काय? इथे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांचे काम येते. सामा-बजाऊ भाषांचे नाते त्यांनी आग्नेय बोर्निओतील बारितो नदीच्या खोऱ्यातल्या भाषांशी जोडले. आपल्यापैकी कोणी दुवा, तल्लु, म्पत, लिमा हे सामा अंक घेऊन ते मलयच्या अंकांशी जुळवायला बसला असेल तर त्याने थांबावे, कारण हे अंक थोड्याफार फरकाने प्रशांत महासागरभर आढळतात आणि जवळच्या नात्याविषयी काहीच सांगत नाहीत. नाते ठरते ते दोनच शाखांनी मिळून केलेल्या नव्या बदलांवरून, आणि तसे बदल ब्लस्ट यांनी मांडले. या बारितो भाषांचे आणखी एक प्रसिद्ध अपत्य आहे : मादागास्करची मालागासी. नॉर्वेजियन अभ्यासक ओटो डाल यांनी तिचे बारितो खोऱ्यातल्या मान्यान भाषेशी असलेले नाते १९५१ सालीच दाखवले होते. एकाच नदीच्या मुलखातून एक शाखा हिंद महासागर ओलांडून आफ्रिकेजवळ गेली आणि दुसरी सुलूकडे. आणि दोन्हींच्या मागे ब्लस्ट यांना दिसतो तो सुमात्रातील श्रीविजय साम्राज्याचा मलय व्यापार, ज्याला खलाशी हवे होते. साम्राज्याला माणसे हवी होती म्हणून नदीकाठचे लोक समुद्रावर आले, हा क्रम लक्षात घ्यावा.

तिसरा पुरावा इंडोनेशियाचा. तोगियान बेटांपासून रोटेपर्यंत, शेकडो कोसांच्या अंतरात, बजाऊंच्या बोलींमध्ये आश्चर्य वाटावे इतका कमी फरक आहे, तर सुलूसारख्या लहान टापूत त्यांच्या भाषा एकमेकींपासून खूपच दुरावलेल्या आहेत. जिथे फरक जास्त तिथे वस्ती जुनी, हा भाषाशास्त्रातला साधा आडाखा लावला तर इंडोनेशियातला विस्तार अलीकडचा ठरतो. अठराव्या शतकात चीनमध्ये त्रेपांगची मागणी वाढली आणि मकासर, सुलू ही त्याच्या खरेदीची मोठी केंद्रे झाली, त्याच्याशी हे जुळते. सुलूच्या सुलतानीत तर मनुष्यबळ कमी पडू लागले तेव्हा बालांगिंगी बेटावरच्या सामा लोकांच्या टोळ्या दूरदूरच्या किनाऱ्यांवरून माणसे पकडून आणत. स्पेनने १८४८ साली त्यांचे किल्ले उद्ध्वस्त केले तेव्हा त्यांच्यातले कितीतरी जण पकडून आणलेल्यांचे वंशज होते आणि सामा भाषा बोलत होते. प्लीहेत ज्यांना वंश सापडतो त्यांनी याचाही विचार करावा.

पाचच मिनिटे आहेत, म्हणून क्रियापदांची रचना सोडून देते. प्रश्नोत्तरांत कोणी विचारलेच तर आनंदाने सांगेन. शेवटचा मुद्दा आजच्या काळाचा आहे. हे लोक अनादि काळापासून देशहीन आहेत, असे एकदा मानले की त्यांना देश नाकारणे सोपे जाते. आज फिलिपिन्समध्ये असलेले सुलूतले सीतांगकाई आणि मलेशियात असलेले सेंपोर्ना यांच्यामधले पाणी ओलांडणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे नित्याचे काम होते. १८७८ साली सुलूच्या सुलतानाने उत्तर बोर्निओचा मुलूख एका युरोपीय कंपनीच्या संस्थापकांना करार करून दिला, नंतर वसाहती गेल्या, आणि त्याच पाण्यावर दोन देशांची सीमा उरली. सेंपोर्ना भागातल्या बजाऊ लाऊत, म्हणजे समुद्रावरच्या बजाऊ, कुटुंबांपैकी अनेकांकडे कोणत्याच देशाची कागदपत्रे नाहीत, त्यामुळे त्यांच्या मुलांना सरकारी शाळा बंद आहेत. २०२४च्या जूनमध्ये तिथल्या तुन साकारान सागरी उद्यानातली त्यांची घरे पाडण्यात आली. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाने १९७४च्या करारान्वये अ‍ॅशमोर रीफ या आपल्या हद्दीतल्या प्रवाळखडकासारख्या जागी इंडोनेशियाच्या 'पारंपरिक' मच्छीमारांना येऊ दिले, पण पारंपरिक म्हणजे शिडाची, इंजिन नसलेली होडी. रोटेवरचा बजाऊ इंजिन लावून आला तर त्याची होडी जप्त होते, आणि जप्त केलेल्या होड्या जाळल्याही गेल्या आहेत. एका सरकारला तो भटका म्हणून नको आहे आणि दुसऱ्याला तो पुरेसा प्राचीन असेल तरच चालतो. कोटा बेलुदच्या घोडेस्वाराकडे मात्र मलेशियाचे ओळखपत्र आहे.