तोटा कुणाच्या अंगावर?

(अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर सांगलीत एका सनदी लेखापालाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पालक मंडळी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

पलूस-कुंडलकडून रेल्वेनं येणारी मुलं इथे बरीच असतील. तुम्ही जिथून गाडीत चढता त्या किर्लोस्करवाडीला पूर्वी कुंडल रोड म्हणत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईची पक्की नोकरी सोडली आणि कारखाना उभा केला, ही गोष्ट आपल्या भागात प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगतात. सांगून झाली की वक्ता म्हणतो, "बघा, हिंमत पाहिजे!" टाळ्या पडतात. मला तीच गोष्ट आज जरा सविस्तर सांगायची आहे, कारण मधले तपशील भरले की नोकरी धरावी की धंदा करावा याबद्दल तिच्यातून निघणारा सल्ला बदलतो.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. दर महिन्याला पगार, मान, आणि हाताशी यंत्रशाळा. त्या नोकरीत त्यांनी यंत्रं उघडून पाहिली, इंग्रजी तांत्रिक मासिकं वाचली. आणि नोकरी चालू असतानाच बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींचा धंदा सुरू केला होता. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेत, रामूअण्णा बेळगावात विकत. बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला जागा मिळाली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. राजीनामा देताना धंदा चालू होता, गिऱ्हाईक होतं, आणि दुकानात बसणारा भाऊ होता.

पुढचा भाग तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं. नांगर खपेना. असं म्हणतात की पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं माल पडून आहे आणि तरी घरात चूल पेटते आहे, ती कशावर पेटते, हे त्या भाषणांत कुणी सांगत नाही. ती दुसऱ्या कामांवर पेटत होती, एकत्र कुटुंबावर पेटत होती. आणि मग बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी माळरान दिलं, पैशाची मदत केली. 1910 साली निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

लक्ष्मणरावांची हिंमत मी तसूभरही कमी लेखत नाही. मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे. पण त्यांचा तोटा एकट्या त्यांच्या अंगावर पडणार नव्हता. तो भावानं वाटून घेतला, जुन्या पगारातून आलेल्या शिक्षणानं घेतला, एका राजानं घेतला. म्हणून नोकरी की धंदा असं तुम्ही मला विचारता, तेव्हा मी उलट एवढंच विचारतो: बुडालं तर किती बुडेल, आणि ते कुणाच्या अंगावर पडेल? याचं उत्तर आकड्यात देता आलं तर पुढचं बोलू.

बरीच वर्षं मी कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांची पुस्तकं पाहतो आहे. तुम्हाला वाटतं धंदे माल खपत नाही म्हणून बंद पडतात. काही पडतातही. पण मी डोळ्यांदेखत बंद पडताना पाहिलेले कितीतरी कारखाने ऑर्डर हातात असताना बंद पडले. ते उधारीत गेले.

गणित साधं आहे. समजा तुम्ही दोन सीएनसी मशीन टाकली, एका मोठ्या कंपनीला सुटे भाग देऊ लागलात, आणि महिन्याला 5 लाखांचं बिल करता. कंपनी 90 दिवसांनी पैसे देते. म्हणजे पहिला रुपया हातात यायच्या आधी तुमचे 15 लाख बाहेर. या तीन महिन्यांत कामगारांचा पगार थांबत नाही, वीजबिल थांबत नाही, पोलादवाला रोख मागतो. आणि जीएसटी? 18 टक्क्यांनी 5 लाखांवर 90 हजार, आणि विवरणपत्राची मुदत साधारण पुढच्या महिन्याची 20 तारीख. गिऱ्हाइकानं पैसे दिले की नाही हे सरकार विचारत नाही, बिल फाडलं की कर लागू. कच्चा माल घेताना भरलेला जीएसटी, म्हणजे क्रेडिट, त्यातून वजा होतं हे खरं, पण मजुरीवर आणि तुमच्या नफ्यावर कसलं क्रेडिट? तो भाग खिशातूनच जातो. नफ्यात असलेला मुलगा माझ्याकडे येऊन म्हणतो, "काका, ताळेबंदात नफा दिसतोय, मग बँकेत पैसे का नाहीत?" तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण ही एक गोष्ट त्याला चार वर्षांच्या शिक्षणात कुणीतरी सांगायला हवी होती.

कायदा तुमच्या बाजूचा आहे, हेही माहीत असू द्या. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यानं तर अशी थकबाकी ठेवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत वजाच करता येत नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्या दिवशी करा. पण एकाच गिऱ्हाइकावर जगणारा पोरगा त्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करत नाही, हे मी पाहिलेलं आहे. त्याला पुढची ऑर्डर हवी असते. म्हणून दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत पहिली नोकरी सोडू नका, असं मी अगदी आग्रहानं सांगतो.

नोकरीला नावं ठेवायची आपल्याकडे एक फॅशन झाली आहे. "मराठी माणूस नोकरदार वृत्तीचा" हे वाक्य मला मनापासून खटकतं. कारकून बापाच्या पगारावर ज्या घरातली तीन मुलं शिकली त्या घराला हे वाक्य ऐकवायचा कुणाला अधिकार आहे? नोकरीतही आता पूर्वीसारखं सगळं बांधील नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे राज्य शासनात लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन आपोआप लागू होत नाही, आणि खासगीत पंचेचाळिशीतला माणूस एका ईमेलवर घरी बसतो. तरी दर महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार हे फार मोठं भांडवल आहे. शिकायला मिळतं ते वेगळंच.

आनंद देशपांडे यांचं उदाहरण घ्या. डेटाबेस या विषयात अमेरिकेत पीएचडी, मग एचपीच्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि 1990 साली पुण्यात परत येऊन पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी. त्यांनी धंदा कशाचा केला? ज्याचं शिक्षण घेतलं होतं, ज्याच्या मुरलेल्या माणसांना ते ओळखत होते, त्याचाच. कंपनीचे समभाग बाजारात यायला 2010 उजाडलं. वीस वर्षं. वर्तमानपत्रात शेवटची बातमी येते, मधली वीस वर्षं येत नाहीत.

आता मघाशी चिठ्ठीवर आलेला प्रश्न. एका मुलीनं लिहिलंय: "वडील शेतकरी आहेत, राहतं घर एवढीच मिळकत. धंद्यासाठी ते तारण ठेवायला ते तयार आहेत. ठेवावं का?"

नाही, बाळा. ते तयार आहेत म्हणूनच नाही. सूक्ष्म आणि लघू उद्योगाच्या निदान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यापुढे सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी निधीची, हमी मिळू शकते. तिचं शुल्क भरावं लागतं, पण ते घरापेक्षा स्वस्तच. शाखेत "तारण आणा" म्हणाले तर नकार लेखी मागा. प्रायव्हेट लिमिटेड काढली की आपली जबाबदारी मर्यादित, अशा भ्रमात राहू नका. बँक संचालकाची वैयक्तिक हमी घेते आणि ती सही तुम्हाला थेट बांधते. जामीनदार म्हणून वडिलांची सही मागितली तर तिथेही थांबा.

तू आधी तुझ्या अभियांत्रिकीच्या शाखेतली नोकरी धर. घरखर्च महिन्याला 30 हजार असेल, तर दीड वर्षाचे म्हणजे 5 लाख 40 हजार वेगळ्या खात्यात साठू देत. नोकरीच्या त्या दोन-तीन वर्षांत माल कोण घेतं, पैसे किती दिवसांनी देतं, हे खरेदी विभागातल्या माणसांशी बोलून समजून घे. मग कागदावर एक आकडा लिही, एवढे गेले की मी थांबणार. तो आकडा आई-वडिलांना दाखव, त्यावर घरात भांडण झालं तर होऊ दे. आणि तो कागद घेऊन माझ्याकडे ये. मी शनिवारी दुपारनंतर ऑफिसात असतो, असल्या कामाची मी फी घेत नाही.