रस्त्याच्या कडेचं गवत

(साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

अध्यक्ष आणि जमलेल्या मंडळी, बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय 'घाटरस्ते आणि वन्यप्राणी'. त्यावर मी येणारच आहे. आधी मात्र तुम्हाला कॅनडातल्या एका रस्त्यावर न्यायचंय. एकतीस वर्षं मी एसटी चालवली. पसरणी, केळघर, कुंभार्ली, सगळे घाट डोळे मिटले तरी दिसतात. पण रस्ता आणि जनावर यांचा संबंध मला उमगला तो तिकडे, शेजारच्या सीटवर बसून. गाडी मुलगा चालवत होता. स्टिअरिंग हातात नसलं की रस्त्याच्या कडा दिसायला लागतात.

मुलगा एडमंटनला असतो. जूनमध्ये त्यानं कॅम्परव्हॅन भाड्यानं घेतली. बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं गाडीतच. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात. डॉसन क्रीकला अलास्का हायवेचा, म्हणजे कॅनडातून अलास्काला जाणाऱ्या रस्त्याचा, शून्य मैलाचा खांब आहे, तिथून खरा प्रवास सुरू झाला. हा रस्ता १९४२ साली, जपानच्या धास्तीनं, अमेरिकी सैन्यानं अवघ्या आठेक महिन्यांत काढला. दहा हजारांवर सैनिक राबले आणि त्यांतले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. त्यांची दखल फार उशिरा घेतली गेली. आपले घाट ज्यांनी सुरुंग लावून फोडले, त्यांची नावं तरी आपल्याला कुठे ठाऊक आहेत? तो एक वेगळा विषय आहे, कुणीतरी हातात घ्यायला हवा.

पुढे कॅनडाचाच युकॉन हा प्रदेश लागतो. आकारानं महाराष्ट्राच्या दीडपट, आणि माणसं पंचेचाळीस हजारांच्या आसपास. एका पंपावरून निघालं की पुढचा पंप कुठे आहे ते आधी बघायचं. पार उत्तरेला तर जमिनीच्या पोटात बारमाही बर्फ. डांबर तापलं की खालचा बर्फ वितळतो आणि रस्ता लाटेसारखा खाली-वर होतो. वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल आहे. १९४२ मध्येच एका सैनिकानं घरच्या आठवणीनं आपल्या गावाची पाटी ठोकली, आज तिथे हजारो पाट्या आहेत. मी घरून रंगवून नेली होती, 'सातारा – महाबळेश्वर', पिवळ्यावर काळी अक्षरं. ठोकताना हात थरथरला माझा.

आता जे सांगायला उभा राहिलोय ते. लिअर्ड नदीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या अलीकडे, रात्रीचे साडेनऊ वाजलेले, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर. वळण घेतलं आणि समोर बायसनचा कळप. आपल्याकडे गव्याला बायसन म्हणतात, पण गवा तो नव्हे. हा वूड बायसन, नर नऊशे किलोपर्यंत भरतो. वीसेक जनावरं, त्यांत विटकरी रंगाची वासरं. थंडीतली लोकर गळत होती, जुन्या गोधडीच्या चिंध्या लोंबाव्यात तशी अंगावरून लोंबत होती. एक नर पाटीच्या खांबाला मान घासत होता आणि खांब हलत होता. काच खाली केली तर गवत तोडल्याचा चरचर आवाज स्पष्ट ऐकू आला.

मुलानं इंजिन बंद केलं. मागे लाकडाचा ट्रक येऊन थांबला, त्यानंही बंद केलं. त्या ड्रायव्हरनं थर्मासमधून कॉफी ओतून घेतली. त्याच्यामागे आणखी तीन गाड्या. चाळीस मिनिटं, मंडळी! एकानंही हॉर्न वाजवला नाही, एकही माणूस खाली उतरला नाही. नातीनं विचारलं, "आजोबा, हे इथेच का चरतात? एवढं जंगल आहे की." तेव्हा मी नीट पाहिलं. जंगलात झाडांची सुईसारखी पानं पडलेली, सावली, गवत कमी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र झाडं तोडून मोकळी पट्टी ठेवलेली, आणि तिच्यावर हिरवंगार गवत. मंचो तलावापाशी डोंगरी मेंढ्या रस्त्याला लागून माती चाटत होत्या, तिथल्या मातीत क्षार आहेत म्हणून. एक काळं अस्वल पिवळ्या फुलांत बसून फुलं ओरपत होतं. जनावर रस्त्यावर येतं कारण रस्त्याच्या कडेला त्याचं ताट वाढलेलं असतं. तिथे ही जनावरं गाड्यांखाली मरतातही, आणि कारण हेच.

कॅम्पच्या जागी नियम असा, की खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही. आमच्या हिनं लसणीची चटणी टेबलावर ठेवली होती, तर शेजारच्या गाडीतल्या आजी स्वतः येऊन सांगून गेल्या, आत घ्या. टूथपेस्टसुद्धा आत. कचऱ्याची पेटी लोखंडी. झाकणाखाली एक खोबण, तिच्यात हात घालून बोटांनी खटका दाबायचा. अस्वलाचा पंजा त्या खोबणीत शिरत नाही. मी चार वेळा उघडून पाहिली. माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल माणसाच्या अंगावर येतं आणि शेवटी गोळी खातं. म्हणून एवढी काळजी.

आणि आपण? मागच्या पावसाळ्यात यवतेश्वर घाटात माझ्या स्कूटरच्या पुढच्या गाडीतून कुणीतरी अर्धा वडापाव माकडांकडे फेकला. तो रस्त्याच्या मधोमध पडला. पोटाला पिल्लू धरलेली माकडीण धावली, आणि वरून येणाऱ्या गाडीला ब्रेक लागेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. पिल्लू जिवंत होतं, आईचे केस सोडत नव्हतं. फेकणारा थांबलाही नाही. वाईट वृत्तीचा असेल असं मी म्हणत नाही. त्याला वाटलं, आपण पुण्य केलं. हे मला फार लागतं, अजून लागतं.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. मग मुद्द्याचं भरभर सांगतो.

कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या अवतीभवती आपले रस्ते आहेत. पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या खालून जनावरांसाठी नऊ वाटा बांधल्या, वाघसुद्धा त्यांतून जातात, कॅमेऱ्यात दिसलेत. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतुकीला बंदी आहे. कॅनडातल्या बॅन्फमध्ये महामार्गावर पूल आणि खालून भुयारं आहेत, कडेनं कुंपण, त्यामुळे धडका फार कमी झाल्या. आपल्याला एवढं मोठं काही लगेच जमणार नाही. पण कडा आपल्या हातात आहेत.

एक, पावसाळ्यानंतर वळणांच्या आतल्या बाजूचं गवत वेळेवर कापा, म्हणजे गवा तिथे चरायला थांबणार नाही आणि थांबला तर दिसेल. रात्री कुंभार्ली चढताना मला गवा असा दिसायचा, आधी चार पांढरे पाय, अंग अंधारातच. ताशी तीस-पस्तीसला असाल तर ते पाय दिसून गाडी उभी राहते, साठला नाही. दोन, घाटात कचरापेटी ठेवायची तर ती बंद हवी. अस्वलाची पेटी इथे चालणार नाही, माकडाला आपल्यासारखीच बोटं आहेत, तो खटका त्याला दुसऱ्या दिवशी कळेल. म्हणून कचरा रोज संध्याकाळी उचलायला हवा, कासच्या फुलांच्या दिवसांत तर दोनदा. तीन, गाडीतून खायला टाकणं बंद. याला पैसा लागत नाही.

वेळ संपली. स्लाइड राहिल्या, पेटीच्या खटक्याचा फोटो बाहेर टेबलावर ठेवलाय. रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पाच-सहा जण यवतेश्वर घाटात पोती घेऊन चढणार आहोत, बोगद्याच्या बाजूनं सुरुवात. ज्यांना यायचंय त्यांनी हातमोजे आणावेत, पोती मी आणतो.