घरच्यांसाठी जीप : वॅगोनियरची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

जीप म्हटलं की ताडपत्रीचं छत, मागे समोरासमोर दोन बाकं आणि घाटात खडखडणारा पत्रा डोळ्यांसमोर येतो. महायुद्धानंतर विलीज कंपनीच्या जीप महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतल्या, तेव्हापासूनची ही आपली ओळख. लहानपणी अशाच एका जीपच्या मागच्या बाकावर बसून मी कोकणात जायचो. उतरल्यावर केसांतली लाल माती निघायला दोन बादल्या पाणी लागायचं. आज त्याच विलीज घराण्यातल्या, पण अगदी वेगळ्या वळणाच्या एका गाडीबद्दल सांगायचं आहे. तिचं नाव जीप वॅगोनियर.

१९६२च्या नोव्हेंबरात ती अमेरिकेत आली. ओहायो राज्यातल्या टोलेडोला तिचा कारखाना. रूप दिलं ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी. १९४६ची पत्र्याची जीप स्टेशन वॅगनही त्यांचीच, पण तिचा तोंडवळा लढाईतल्या जीपचाच होता. वॅगोनियर दिसायला थेट मोटारगाडी. चार दारं, मोठाल्या काचा, आणि साडी नेसलेल्या बाईलाही सहज चढता येईल इतकी खाली. हवा असल्यास ऑटोमॅटिक गिअरही घेता येई. फोर-व्हील, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या गाडीत ही सोय तेव्हा नवलाची होती.

१९६६ साली सुपर वॅगोनियर निघाली. आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, एअर कंडिशनर, पॉवर स्टिअरिंग, आणि ते स्टिअरिंगही चालवणाऱ्याच्या सोयीने वरखाली करता येणारं. आलिशान फोर-व्हील गाडीचा पहिला मान लोक रेंज रोव्हरला देतात, ते मला पटत नाही. रेंज रोव्हर आली १९७० साली, दोनच दारांची, आणि आतून पाणी मारून धुता यावी अशी साधी. घरच्या माणसांचा विचार वॅगोनियरने आधी केला.

तिची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र गाडीच्या पोटात आहे. वळण घेताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान. पण साध्या फोर-व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद पोचवणारे दांडे, म्हणजे शाफ्ट, एकत्र जखडलेले आणि एकाच वेगाने फिरणारे. चिखलात चाक जरासं घसरतं आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो. म्हणून चिखल लागला की फोर-व्हील लावायची, डांबर आलं की काढायची. कित्येक गाड्यांत तर पावसात खाली उतरून पुढच्या चाकांच्या हबवरची चकती हाताने फिरवावी लागे. १९७३च्या मॉडेलपासून वॅगोनियरला क्वाड्रा-ट्रॅक मिळालं. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधोमध आणखी एक डिफरन्शिअल, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळा वेग देऊ शकणारी गिअरची जोडणी, बसवलं, ते हा फरक आपल्यात सामावून घेई. चारही चाकं कायम ओढू लागली, आणि गाडी कोण चालवतंय, त्याला यातलं किती कळतं, हा प्रश्नच उरला नाही. एखादी आई मुलांना घेऊन बर्फातून निघाली, तर तिने फक्त रस्त्याकडे बघायचं!

१९७८ साली वॅगोनियर लिमिटेड आली, चामड्याच्या सीटची आणि बाजूंना लाकूड लावलेली. हे लाकूड खरं नव्हे. लाकडाची नक्षी छापलेली प्लॅस्टिकची पातळ पट्टी, भोवती फिकट रंगाची चौकट. उन्हाने ती विटते, कडेला पापुद्रे सुटतात. तरी तिच्याशिवाय ही गाडी ओळखू येणार नाही.

मधल्या काळात मालक बदलले. १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सने जीपचा धंदा घेतला, १९८७ मध्ये क्रायसलरने अमेरिकन मोटर्सच घेतली. १९८४ पासून नाव झालं ग्रँड वॅगोनियर. समोरची जाळी बदलली, दिवे बदलले, मूळ सांगाडा तोच राहिला. पेट्रोल ती भरपूर प्यायची, तरी गिऱ्हाईक हटलं नाही. १९९१ साली उत्पादन थांबलं. इंजिनात पेट्रोल फवारणारं फ्युएल इंजेक्शन सगळीकडे आलं होतं, पण टोलेडोहून निघालेल्या शेवटच्या गाडीच्या बॉनेटखाली हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा कार्बोरेटरच होता.