व्यापारी गणित, भाग 2

(पडद्यावर: नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराची माडी. लोखंडी पेटीचं झाकण उघडतं.)

या पेटीत माझ्या बी.कॉम.च्या वह्या आहेत. वरच्या तीन खरंच वह्या आहेत. चौथीला खाकी कव्हर आहे आणि लेबलावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: व्यापारी गणित, भाग 2. आत गणित नाही. आत 'बॉम्बे दोस्त'चा एक अंक आहे.

1996 साली हा एकच अंक नागपुरातल्या आम्ही सात जणांनी वाचला.

'बॉम्बे दोस्त' मुंबईत 1990 साली अशोक राव कवी यांनी सुरू केलं. समलिंगी माणसांसाठी निघालेलं भारतातलं पहिलं नोंदणीकृत नियतकालिक म्हणून ते ओळखलं जातं. असं काही छापून येतं हे मला कळलं ते एका मित्राच्या तोंडून, फुटाळा तलावाच्या काठावर, अंधार पडल्यावर. बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, स्टॉलवर मला तो अंक कधी दिसला नाही. दिसला असता तरी मागायची छाती झाली नसती. मित्राचं मुंबईला जाणं-येणं असायचं. एका सकाळी तो विदर्भ एक्सप्रेसनं उतरला आणि स्टेशनवरून थेट माझ्याकडे आला. बॅगेत धुवायचे कपडे होते आणि कपड्यांच्या घडीत हा अंक.

तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आमच्यासारखी माणसं जगात आहेत, हे माहीत होतं. पण ती एकमेकांना पत्रं लिहितात, भांडतात, कविता करतात, कायद्यावर मतं मांडतात, आणि हे सगळं शाईनं छापलं जातं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

(पडद्यावर: कव्हर उघडतं. समासातली पेन्सिलीची बारीक अक्षरं.)

एकाकडे चार रात्री, मग पुढच्याकडे, असा नियम होता. कव्हर घालायची आणि विषय गणिताचा ठेवायची कल्पना माझी. गणिताची वही उघडून बघायची हौस घरात कुणालाच नव्हती.

अंक इंग्रजीत होता. आमच्यातले बहुतेक जण मराठी शाळेतले. त्यामुळे ज्याला जो शब्द लागला त्यानं त्याचा अर्थ समासात लिहून ठेवला. डिक्शनरी बघून, कधी अंदाजानं. ही पेन्सिलीची अक्षरं मला आता अंकापेक्षा मोलाची वाटतात. 'गे' या शब्दापुढे एकानं लिहिलंय 'आनंदी'. डिक्शनरीत तेच होतं. त्याखाली दुसऱ्याचं अक्षर आहे: 'इथे तो अर्थ नाही'. 'क्लोजेट'पुढे लिहिलंय 'कपाट', पुढे प्रश्नचिन्ह. त्याखाली वेगळ्या अक्षरात 'लपून राहणं'. आणि सगळ्यात खाली, तिसऱ्याच हातानं, एकच शब्द: 'आपण'.

शिवी नसलेला मराठी शब्द आमच्याकडे नव्हता. आम्ही तो समासात शोधत होतो.

(पडद्यावर: दीक्षाभूमीचा स्तूप, सकाळच्या उन्हात.)

तो शब्द छापायची हिंमत मराठीत आमच्या खूप आधी कुणीतरी केली होती, हे कळायला मला पुढची पंधरा वर्षं लागली. रघुनाथ धोंडो कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक 1927 साली सुरू झालं आणि ते वारले त्या 1953 सालापर्यंत त्यांनी ते चालवलं. वाचक लैंगिक प्रश्न विचारत आणि कर्वे कुणालाही न लाजवता उत्तरं देत. त्या उत्तरांमुळे 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांविषयीचेही होते. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांच्या मनातल्या प्रश्नांना शास्त्राच्या आधारानं उत्तर देणं हा गुन्हा कसा, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. मासिक चालू राहिलं.

मी नागपूरचा. दर दसऱ्याला निळ्या झेंड्यांनी भरलेले रस्ते बघत वाढलो. बाबासाहेबांनी काय काय केलं, हे शाळेत, घरात, चौकात ऐकत आलो. ही एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नाही. 1996 साली कुणी सांगितली असती तर 'आनंदी' हा अर्थ खोडायची वेळ आली नसती, असं मला राहून राहून वाटतं. 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक आता इंटरनेटवर वाचता येतात. जरूर वाचा.

(पडद्यावर: बैठकीची खोली. दिवाण, कोपऱ्यात टीव्ही.)

मासिक कव्हरात लपतं. टीव्ही कुठे लपवणार? तो बैठकीच्या मध्यात असतो आणि रिमोट वडिलांच्या हातात.

म्हणून टीव्हीच्या बाबतीत आमचा काळ फार उशिरा सुरू झाला. हिंदी मालिकांत आमच्यासारखा कुणी आलाच तर तो हसवायला यायचा. घरचे हसायचे, मीही हसायचो. 2010 साली स्टार प्लसवर 'मर्यादा' नावाची मालिका लागली, तिच्यातल्या एका घरचा मुलगा गे होता आणि त्याचं दुःख गमतीवारी नेलं नव्हतं. मी ती बघायचो ते आई स्वयंपाकघरात असताना, आवाज बारीक करून.

मग आला 19 ऑक्टोबर 2014. रविवार.

नागपूरकरांना ती तारीख वेगळ्या कारणानं आठवेल. त्या दिवशी विधानसभेची मतमोजणी होती. सकाळपासून गल्लीतल्या प्रत्येक घरातून आकड्यांचा आवाज येत होता. बाबा सात वाजल्यापासून बातम्यांसमोर बसलेले. दिवाळी चार दिवसांवर, आई खाली बसून शंकरपाळे कापत होती. अकरा वाजता ती म्हणाली, "अहो, जरा ते आमीर खानचं लावा ना. निकाल काय, संध्याकाळपर्यंत सांगतच राहणार आहेत."

'सत्यमेव जयते'चा त्या दिवशीचा विषय काय आहे हे आईला माहीत नव्हतं. मला होतं. मी दारात उभा राहिलो, आत यावं की माडीवर जावं हे न कळून.

पहिल्या काही मिनिटांतच विषय कळला. बाबांनी चष्मा पुसला. रिमोट त्यांच्या मांडीवर होता, पण त्यांनी चॅनल बदललं नाही. गझल धालीवाल बोलत होती. मुलगा म्हणून जन्माला आलेली, आता मुलगी म्हणून जगणारी. तिचे आईवडील सोबत आले होते. तिचे वडील बोलायला लागले तसा आईचा कातण्याचा हात थांबला. तेल तापून धूर यायला लागला तेव्हा ती उठली.

कार्यक्रम संपल्यावर बाबांनी पुन्हा मतमोजणी लावली. कुणी काही बोललं नाही. जेवताना आई एवढंच म्हणाली, "त्या पोरीचे बाबा कसे बसले होते ना तिच्यासाठी."

तीन दिवसांनी नरक चतुर्दशी. माझं वय तेव्हा अडतीस, तरी पहाटे पाठीला उटणं आईच लावायची. मी भिंतीकडे तोंड करून पाटावर बसलो होतो. म्हटलं, "आई, रविवारी ते टीव्हीवर होतं ना, ते माझंही आहे. मी मुलगी नाही, पण मला पुरुषच आवडतात."

तिचा हात पाठीवर थांबला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग तिनं वाटीतून आणखी उटणं घेतलं आणि म्हणाली, "पाणी निवून जाईल. डोकं पुढे कर."

एका तासाच्या त्या कार्यक्रमात चुका असतील, घाईही असेल. मी त्याची समीक्षा करू शकत नाही. माझ्या आईला जे वाक्य सुरू करता आलं नसतं ते त्यानं तिच्या बैठकीत आणून ठेवलं, आणि तेही तिच्या हाताला मैदा लागलेला असताना.

(पडद्यावर: मेट्रो बर्डीकडे येते. डब्यात मोबाइलकडे बघणारी मुलं.)

पुढचं सगळं भराभर झालं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं आमच्यावरचा गुन्ह्याचा शिक्का काढला. 8 मार्च 2019 ला 'मेड इन हेवन' ही वेब मालिका आली. तिच्यातल्या करणला घरमालकाच्या चोरट्या चित्रीकरणामुळे अटक होते. ती भूमिका करणाऱ्या अर्जुन माथूरला पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय एमीचं नामांकन मिळालं. त्याच मार्चमध्ये आमची मेट्रो धावू लागली. मी ती मालिका मेट्रोत, कानात हेडफोन घालून पाहिली. शेजारच्या माणसाची नजर पडली तर पडू दिली. 'गेलॅक्सी'सारखी ऑनलाइन मासिकं आहेत, हिंदीतही वाचता येतं. सगळं बघायचं तर रात्र पुरत नाही.

मराठीत मात्र अजून हात आखडता आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला, मराठीत सातत्यानं लिहिलं, आणि 'समपथिक' हा शब्दच किती सुंदर आहे बघा: एका वाटेनं चालणारे. पण दर महिन्याला घरी येईल, आईच्याही हाती देता येईल, असं मराठी मासिक मी अजून शोधतोय. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. इंग्रजी मालिका माझ्यासोबत बघते आणि मध्येच विचारते, "काय म्हणाला रे तो?" मी थांबवून सांगतो. समासात लिहायचं काम अजून सुरूच आहे.

(पडद्यावर: माडी. खाकी कव्हरातला अंक एका तरुणाच्या हातात.)

काटोलकडचा एक मुलगा नागपुरात शिकायला आहे. वीस वर्षांचा. ऑरेंज सिटी प्राइड मार्चमध्ये ओळख झाली. जगातल्या कुठल्या मालिकेचा कितवा सीझन येतोय, हे त्याला तोंडपाठ आहे. त्याला हा अंक बघायचा होता. लेख त्यानं चाळले आणि समासातली अक्षरं मात्र एकेक करून वाचली. 'क्लोजेट'पाशी बराच वेळ थांबला.

"काका, यातलं तुमचं कोणतं?"

मी बोट ठेवून दाखवलं. कपाट, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"आणि 'आपण' कुणी लिहिलं?"

ज्यानं विदर्भ एक्सप्रेसनं हा अंक आणला होता, त्यानं.