कुणाच्या डोक्यातून बघतोय आपण?

श्रोतेहो, नमस्कार.

मध्यंतरी मी एक उद्योग करून पाहिला. एक चित्रपट दोनदा बघून झाला होता, मनात घर करून बसला होता. पण त्यात काय आधी घडतं आणि काय नंतर, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. म्हणून तिसऱ्यांदा बघताना कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन बसले. एका प्रसंगाला एक चिठ्ठी. चित्रपट संपल्यावर सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या आणि घटना जशा घडल्या असतील त्या क्रमाने लावायला घेतल्या. पटकथा लिहिणारे बरेच लोक चिठ्ठ्या मांडून पटकथा रचतात. मी रचलेली पटकथा उसवत होते. तासाभराने पाठ भरून आली. चिठ्ठ्या काही लागल्या नाहीत.

तो चित्रपट म्हणजे २०२० सालचा 'द फादर'. दिग्दर्शक फ्लोरियान झेलेर. मूळ फ्रेंच नाटक त्यांचंच, आणि पटकथा त्यांनी ख्रिस्तोफर हॅम्प्टन यांच्यासोबत लिहिली. अँथनी हॉपकिन्स यांना या भूमिकेसाठी वयाच्या ८३व्या वर्षी ऑस्कर मिळालं, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. स्मृतिभ्रंश होत चाललेला एक म्हातारा आणि त्याची मुलगी, एवढीच गोष्ट. लांबी ९७ मिनिटं.

आत्ताच सांगून ठेवते, मी शेवटासकट सगळं बोलणार आहे. ज्यांना आधी पाहायचाय त्यांनी खुशाल रेडिओ बंद करावा, मला राग नाही. पण शेवट कळल्यामुळे या चित्रपटाचं फारसं बिघडत नाही, आणि ते का बिघडत नाही, तेच मला आज उलगडायचंय.

कथा वेगळी आणि कथानक वेगळं, हा भेद जुनाच आहे. घटना जशा घडल्या ती कथा. त्या ज्या क्रमाने आणि ज्या मापाने आपल्या हाती येतात ते कथानक. रशियातल्या समीक्षकांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात यासाठी दोन स्वतंत्र शब्दच रूढ केले. पाठलागाच्या, चोरी-दरोड्याच्या चित्रपटात या दोहोंतलं अंतर थोडं असतं. कुणीतरी काहीतरी मिळवायला निघतो, अडचणी येतात, शेवटी मिळतं किंवा हुकतं. आरंभ, मध्य, अंत. यावर ढीगभर पुस्तकं आहेत, त्यामुळे मी तिथे थांबत नाही.

मानसिक नाट्यात पंचाईत अशी की बाहेर फारसं काही घडतच नाही. माणसं खोलीत बसून बोलतात, मध्येच गप्प होतात. मग बघणाऱ्याला दीड-दोन तास धरून ठेवायचं कशाने? माझ्या मते, कुणाला काय ठाऊक आहे याच्या वाटपाने. पडद्यावरच्या माणसाला किती माहीत, त्याच्यासमोर बसलेल्याला किती, आणि अंधारात बसलेल्या आपल्याला किती. हे माप जरासं हलवलं की तोच प्रसंग पार वेगळा होतो.

हिचकॉकच्या १९५८ सालच्या 'व्हर्टिगो'मध्ये हे माप हलताना उघड दिसतं. उंचीची भीती बसलेला एक माजी पोलीस, ज्या बाईवर पाळत ठेवायची तिच्याच प्रेमात पडतो. ती मनोऱ्यावरून पडून मरते. हा उद्ध्वस्त होतो. पुढे त्याला हुबेहूब तशी दिसणारी दुसरी मुलगी भेटते. हा सारा डाव होता, ही तीच मुलगी, हे गुपित मूळ कादंबरीत अगदी शेवटी फुटतं. हिचकॉकने मात्र चित्रपट संपायला चांगला अर्धा तास बाकी असताना ते फोडून टाकलं. मुलगी एकटीच खोलीत बसून कबुलीचं पत्र लिहिते आणि फाडून टाकते. आपण वाचलं, त्याने नाही.

हा प्रसंग ठेवावा की काढावा, यावर चित्रपट तयार होताना बरीच भवति न भवति झाली होती. काढणाऱ्यांची बाजू मला समजते. हातातलं गुपित कोण सोडेल? पण ते पत्र काढून पुढचा भाग डोळ्यांसमोर आणा. तो तिला मेलेल्या बाईसारखे कपडे घ्यायला लावतो, केस रंगवायला लावतो, ते तसेच बांधायला लावतो. पत्राशिवाय आपण फक्त एक कोडं सोडवत बसलो असतो: ही तीच का? पत्रामुळे आपण एकाच वेळी दोघांच्या डोक्यात असतो. त्याचं वेड दिसतं, आणि ज्या खोट्या बाईवर त्याचं प्रेम आहे तिच्यासाठी स्वतःला पुसून टाकणारी ही मुलगीही दिसते. घटना त्याच, क्रमही जवळपास तोच. फक्त एक माहिती अर्धा तास आधी दिली.

आता माझ्या चिठ्ठ्यांकडे येते.

'द फादर'मध्ये पहिल्याच प्रसंगात मुलगी ॲन वडिलांना सांगते की तिला कुणीतरी भेटलंय आणि ती पॅरिसला राहायला जातेय. ही चिठ्ठी क्रमांक एक. थोड्या वेळाने वडील दिवाणखान्यात येतात तर खुर्चीत एक अनोळखी माणूस वर्तमानपत्र वाचत बसलेला. तो म्हणतो, मी ॲनचा नवरा, मी इथेच राहतो. मग ॲन बाहेरून येते, पण आता ती दुसरीच बाई आहे. दुसरी नटी. वडील तिच्याकडे बघत राहतात आणि आपणही, कारण आपल्यालाही ती अनोळखीच आहे. इथे दिग्दर्शकाने एक फार मोठी गोष्ट करून ठेवलीय. एरवी अशा चित्रपटात म्हाताऱ्याला ओळख पटत नाही आणि आपल्याला पटते, आपण वरच्या पायरीवर बसून हळहळतो. इथे ती पायरीच काढून घेतली.

घराचंही तेच. सारखं एकच घर दिसतं असं वाटतं. पण बारकाईने पाहिलं तर सामान बदलतं, भिंतींचा रंग बदलतो, धाकट्या मुलीने काढलेलं चित्र जागेवरून नाहीसं होतं. दारं तिथेच. त्यामुळे काय बदललं ते बोट ठेवून सांगता येत नाही, नुसतं चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहतं. पहिल्यांदा बघताना मी याचा दोष माझ्या लक्षाला दिला होता.

माझ्या चिठ्ठ्या अडल्या त्या जेवणाच्या प्रसंगाशी. वडील दाराआड उभे आहेत, आत मुलगी आणि जावई बोलताहेत, यांना संस्थेत ठेवायला हवं म्हणून. ते आत येतात, जेवायला बसतात, बोलाचाली होते, काहीतरी आणायला उठून बाहेर जातात. परत येताना दाराशी थबकतात, तर आत तेच बोलणं चाललेलं, शब्दाला शब्द. ज्या क्षणी ते पहिल्यांदा आत आले होते, तोच क्षण पुन्हा. म्हणजे या चिठ्ठीचा शेवट तिच्याच आरंभाला जाऊन चिकटतो. मी ती जमिनीवर ठेवू कुठे? तिची गुंडाळी करून हातात धरली, एवढंच.

मग लक्षात आलं की मी चुकीचा प्रश्न घेऊन बसले होते. क्रम लागू नये अशीच ही बांधणी आहे. पण म्हणून ती सैल नाही. पॅरिसचा धागा धरून बघा. पहिल्या प्रसंगात मुलगी म्हणते, मी पॅरिसला जातेय. मध्ये डॉक्टरांसमोर वडील तो विषय काढतात तर ती म्हणते, नाही हो बाबा, कुठे जातेय मी? आपण मनात म्हणतो, झालं, म्हाताऱ्याने हेही रचलं होतं. आणि शेवटी वडील एका शुश्रूषागृहातल्या खोलीत जागे होतात. तिथली परिचारिका म्हणजे मघाची ती 'दुसरी ॲन'. ती सांगते की तुमची मुलगी पॅरिसला असते, तुम्ही इथे येऊन बरेच दिवस झालेत. म्हणजे पहिली चिठ्ठी खरीच होती! चित्रपटाने अगदी सुरुवातीला सत्य सांगितलं, मग आपल्याच तोंडून ते खोटं ठरवून घेतलं.

शेवटच्या खोलीत एकेक चेहरा जागेवर बसतो: ही परिचारिका, तो खुर्चीतला अनोळखी माणूस इथलाच कर्मचारी. धक्कातंत्राचे चित्रपटही शेवटी असंच करतात, सगळे दुवे जुळवून देतात आणि आपण 'वा!' म्हणतो. अशा धक्क्यांचा मला अलीकडे कंटाळा येतो, हे प्रामाणिकपणे सांगते. नायकच खुनी, नायकच वेडा, सारं स्वप्नच. दुसऱ्यांदा बघायला बसलं की हाती काही लागत नाही, उलट फसवणुकीच्या जागा दिसायला लागतात. इथे दुवे जुळतात तेव्हा 'वा' निघत नाही. वडिलांचं मनगटी घड्याळ कुणी चोरलं, घर कुणाचं, जावई खरा कोणता, यांवरून इतका वेळ वाद चालला होता. आता उत्तर समोर आहे आणि ज्याला ते हवं होतं त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. तो आईला हाका मारत रडतोय.

याच आजारावर मराठीत 'अस्तु' आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे मोठे पंडित, एका हत्तीच्या मागोमाग चालू लागतात आणि हरवतात. त्याची बांधणी वेगळी. तिथे मुलगी शोधतेय आणि शास्त्रीबुवा कुठे आहेत हे आपल्याला दिसतंय. ते स्वतः आतून कुठे पोचलेत, एवढंच तिला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. माहूताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते तेव्हा आपण तिच्या बाजूने बघतो, त्यांच्या नाही. आजार एकच, पण आपल्याला बसवलंय वेगवेगळ्या ठिकाणी. एका चित्रपटात डोक्याच्या आत, दुसऱ्यात उशाशी. मला कोणता जास्त आवडतो ते विचारू नका, दिवसागणिक उत्तर बदलतं.

'द फादर'विषयी आणखी एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते तीच या बांधणीतली सगळ्यात धाडसी जागा आहे. चित्रपट सतत वडिलांच्या डोक्यात राहत नाही. मध्येच ॲन एकटी दिसते. रात्री ती झोपलेल्या वडिलांच्या खोलीत जाते, शेजारी बसते, आणि तिचे हात त्यांच्या गळ्याभोवती जातात, आवळतात. पुढच्या क्षणी कळतं की हे तिच्या मनात होतं. नियमाला धरून पाहिलं तर ही चूक आहे. म्हाताऱ्याच्या डोक्यातून गोष्ट सांगायची ठरवलं असेल, तर त्याला न दिसलेलं, तेही दुसऱ्याच्या मनातलं, आपल्याला दाखवायचा अधिकार दिग्दर्शकाला कुठून आला? पण हा प्रसंग काढला की चित्रपट एक हुशारीचं कोडं होऊन बसतो. तो आहे म्हणून कळतं, या घरात भान सुटत चाललेला माणूस एकटाच नाही.

ती चिठ्ठी मी सगळ्यांच्या बाजूला वेगळी ठेवली होती. बाकीच्यांची जागा ठरेना, पण हिची ठरली. आणि शेवटची चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हा प्रसंगाचं नाव सुचेना. परिचारिका म्हाताऱ्याला कुशीत घेऊन थोपटतेय, बाहेर हवा छान आहे, फिरायला जाऊ म्हणतेय. कॅमेरा हळूच खिडकीकडे वळतो. त्या चिठ्ठीवर मी एवढंच लिहिलंय: 'झाडं. भरपूर पानं.'

नमस्कार.