तिथी विचारून निघा

(दृश्य: सकाळ. ऐरोलीची जेट्टी. ओहोटी लागलेली. एक होडी चिखलात कलंडून बसली आहे.)

निवेदन:
ही ठाण्याची खाडी. आत्ता तिच्यात पाणी कमी आणि चिखल जास्त आहे. पलीकडे भांडुप-मुलुंडच्या इमारती, अलीकडे नवी मुंबई, मध्ये हा राखाडी, ओला, चकचकीत पट्टा. पहिल्यांदा आलात तर नाकाला रुमाल लावाल. सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो सगळाच गटाराचा नसतो बरं का. कांदळवनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या (मॅन्ग्रोव्ह) झाडीच्या चिखलात हवा शिरत नाही. तिथे कुजणाऱ्या पानांवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याचा हा वास. गटाराचा वाटाही आहेच, त्याच्याकडे येऊ.

किनाऱ्यावरची अभयारण्यं बघायला निघणारी मंडळी गाडीची, जेवणाची, कॅमेऱ्याच्या बॅटरीची सोय करतात आणि एक गोष्ट विसरतात. पाणी किती वाजता येणार?

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. बोट एका तारखेवर थांबतं.)

कोकणात याचा एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वा अकरा. सकाळची भरती तशीच रात्रीची, आणि मध्ये साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती नुसती हलल्यासारखी करते. खाडीच्या आत पाणी थोडं उशिराच पोचतं, तेवढी सूट द्यायची. पक्कं वेळापत्रक मोबाईलवर मिळतं. पण पाऊणकीचा पाढा येत असेल तर रेंजही लागत नाही.

(दृश्य: किनारी व सागरी जैवविविधता केंद्र, ऐरोली. शाळेची मुलं रांगेत.)

ऐरोलीचं हे केंद्र 2017 मध्ये सुरू झालं. वन विभागाचा कांदळवन कक्ष 2012 चा, आणि केंद्राचं काम त्या कक्षाकडे आणि कांदळवन प्रतिष्ठानकडे आहे. आत खाडीतल्या जीवांची प्रतिरूपं आहेत, माहितीचे फलक आहेत, पडद्यावर चित्रफीत आहे. ते बघा, नाही कशाला म्हणू. पण माझं ऐकाल तर तिथे वीस मिनिटं द्या आणि उरलेला वेळ मागच्या लाकडी पुलावर घालवा. तो पूल थेट कांदळवनात शिरतो.

(दृश्य: चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं. अगदी जवळून.)

ही तिवराची मुळं. झाडाची मुळं खाली जातात असं आपण शाळेत शिकलो. इथे ती वर येतात, कारण खाली हवा नाही. प्रत्येक मुळावर बारीक छिद्रं असतात आणि ओहोटीला झाड त्यांतून श्वास घेतं. म्हणून खाडीत राडारोडा टाकला की झाड तोडावं लागत नाही. श्वासमुळं गाडली गेली की ते आपोआप वाळतं. कागदोपत्री कुणी कुऱ्हाड लावलेली नसते.

तिवराचं पान उलटं करा, बोट फिरवा आणि ते जिभेला लावा. खारट! झाड मुळांतून मीठ आत घेतं आणि पानांवाटे बाहेर टाकतं. एकदा हे करून बघितलेलं मूल पुन्हा फलक वाचायला जात नाही.

शेजारी कांदळ. त्याच्या फांदीला लोंबणाऱ्या या हिरव्या शेंगा वाटतात, त्या शेंगा नव्हेत. बी झाडावर असतानाच रुजलेलं आहे. आईच्या अंगावर वाढलेलं हे रोप भाल्यासारखं खाली पडतं. ओहोटी असेल तर चिखलात रुततं, भरती असेल तर तरंगत दुसरा किनारा शोधतं. आणि ही पांढरी चिपी. 2020 मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्ष ठरवलं. तिची फुलं रात्री उमलतात, त्यामुळे आपल्याला दिसतात ती बहुधा गळून पडलेली.

(दृश्य: चिखलावर उड्या मारणारी निवटी.)

चिखलात टक लावून बघा. आधी काहीच दिसत नाही. मग डोळे दिसतात, डोक्याच्या वर बसवल्यासारखे. ही निवटी. मासाच आहे, पण कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत ती पाण्याबाहेर हिंडते, पुढच्या परांवर सरकते, भांडते. बाजूला एकच नांगी भली मोठी असलेला खेकडा ती नांगी वरखाली करतो आहे. तो नर. माद्यांना बोलावतोय आणि दुसऱ्या नरांना दम देतोय, एकाच हाताने.

(दृश्य: बोट निघते. दूरवर गुलाबी रेघ.)

आता ज्यासाठी बहुतेक लोक येतात ते. रोहित. कुणी अग्निपंख म्हणतं, पोरं सरळ फ्लेमिंगो म्हणतात. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत ते इथे असतात. ऐरोली पूल ते वाशी पूल यांच्या दरम्यानचा खाडीचा पश्चिम भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला, सुमारे 17 चौरस किलोमीटर. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, जागा मिळाली.

बोटीची गंमत अशी की तिला पाणी लागतं आणि पक्ष्यांना चिखल. भरपूर पाणी असेल तर बोट झकास चालते आणि पक्षी नसतात. पूर्ण ओहोटीला पक्षी असतात आणि बोट रुतते. दोन्ही जमतं ते मधल्या वेळेत, म्हणून फेऱ्यांची वेळ रोज सरकते. "मागच्या रविवारी दहाला होती की बोट," असं तिकीटखिडकीवर भांडणारा एक तरी असतोच.

(दृश्य: रोहितची चोच. जवळून.)

चोच बघा. मोठ्या रोहितची चोच गुलाबी आणि टोकाला काळी. छोट्या रोहितची गडद लाल, लांबून काळीच वाटते. इथे जास्त संख्या छोट्यांची. मान खाली, डोकं उलटं, आणि चोचीतल्या चाळणीतून चिखलपाणी गाळायचं. मिळतं ते सूक्ष्म शेवाळ. त्याच शेवाळातल्या रंगद्रव्याने पिसं गुलाबी होतात. पिल्लू करड्या रंगाचं असतं, त्यामुळे थव्यात मळकट दिसणारे पक्षी आजारी नसतात, वयाने लहान असतात.

आणि शेवाळ एवढं का वाढलं? 1990 च्या दशकापासून हे पक्षी इथे मोठ्या संख्येने येऊ लागले आणि अभ्यासक त्याचा एक धागा आपल्या सांडपाण्यापर्यंत नेतात. सांडपाण्यातलं पोषण शेवाळाला मिळतं, शेवाळ पक्ष्यांना. म्हणजे ज्या दृश्यासाठी आपण तिकीट काढतो, त्यात आपल्या मोऱ्यांचाही हात आहे. हे कौतुकाने सांगायचं की शरमेने, मला अजून ठरवता आलेलं नाही.

(दृश्य: पाणी चढतं. थवा उठतो.)

पाणी चढलं की चिखल बुडतो. मग हे हजारो पक्षी जातात कुठे? नेरुळ, बेलापूर, भांडुप, उरणकडची पाणथळं. भरतीचे काही तास त्यांना उथळ पाण्यात उभं राहायला जागा लागते. अभयारण्याची हद्द खाडीत आहे, पण पक्ष्याचा दिवस हद्दीत मावत नाही. ही बाहेरची पाणथळं एकेक करून बुजली, तर खाडी शाबूत राहूनही पक्ष्याला भरतीच्या वेळी टेकायला ठिकाण उरणार नाही. मे 2024 मध्ये घाटकोपरच्या आकाशात एका विमानाची थव्याला धडक बसली आणि तीसहून जास्त रोहित मेले. कारणांवर बराच वाद झाला. रस्त्यावर गोळा केलेल्या पिसांचा रंग मात्र फोटोतही लक्षात राहण्यासारखा होता.

(दृश्य: माहीम निसर्ग उद्यान, मग रायबंदरची फेरीबोट. झटपट.)

मुंबईत असाल आणि अर्धाच दिवस हाताशी असेल, तर धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी माहीम निसर्ग उद्यान आहे. सुमारे 37 एकर. एके काळी इथे शहराचा कचरा पडायचा. गोव्यात असाल तर रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा. तिथल्या सलीम अली पक्षी अभयारण्याचं क्षेत्र जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर आहे, पण मांडवीच्या काठचं कांदळवन डोक्यावर कमान धरतं. तिथेही नियम तोच, आधी पाणी विचारा.

(दृश्य: वेळासचा किनारा, मंडणगड तालुका. सुरूचं बन. अंधार.)

वेळास मात्र घाईत उरकायचं ठिकाण नाही. बाणकोटच्या खाडीजवळचं हे गाव नाना फडणवीसांचं म्हणून इतिहासात आहे. आता लोक येतात ते ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी माणसं न्यायची, कोल्हे-कुत्री उकरायची. आता पहाटे किनारा पायाखाली घालून मादीच्या सरपटीची खूण शोधतात, अंडी अलगद काढतात आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर.

पाहुणे राहतात गावातल्या घरांत. मोदक मिळतात, वेळेवर गेलात तर. या माद्या कुठून कुठे जातात याचा अंदाज अलीकडे येऊ लागला आहे. 2022 मध्ये इथल्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं प्रथमा. आणि 2021 मध्ये ओडिशात खूण लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची पाहुणी, पश्चिमेला बाळंतपण.

(दृश्य: सकाळचे सात. कुंपण. घरट्यांवर पालथ्या टोपल्या. दोरीमागे माणसं. कुणाच्या खांद्यावर झोपाळू मूल.)

पिल्लं सोडायची वेळ सकाळी आणि संध्याकाळी. गर्दी दोरीच्या मागे उभी आहे. कॅमेरे तयार. कार्यकर्ता पहिली टोपली उचलतो. वाळू. दुसरी उचलतो. वाळूच. तिसऱ्या टोपलीखाली वाळू किंचित खचलेली दिसते, तो वाकून निरखतो, बोटही लावत नाही आणि टोपली परत पालथी घालतो.

"आज नाही?" मागून कुणीतरी विचारतं.

"संध्याकाळी सहाला या," तो म्हणतो. "बघू."